ङ-७ वर तोफ

बॅटलशिप हा दोन माणसांनी, दोन कागदांवर आणि एकमेकांवरच्या पक्क्या अविश्वासावर खेळायचा खेळ आहे. साहित्य फारसे लागत नाही : गणिताची चौकटींची वही, दोन पेने आणि समोरच्याला आपले पान दिसू नये म्हणून मध्ये उभे धरायला एखादे जाड पुस्तक. समुद्र लागत नाही. मराठवाड्यातल्या मुदखेडला हा खेळ मानवतो तो यामुळेच. इथून अरबी समुद्र साडेचारशे किलोमीटरच्या पुढे आणि बंगालचा उपसागरही जवळ नाही. जवळचे मोठे पाणी गोदावरीचे, आणि मे महिन्यात तिच्याकडूनही आरमाराला फार अपेक्षा ठेवता येत नाहीत. समुद्र न पाहिलेला माणूस वहीतल्या समुद्रात शांत डोक्याने लढतो. कोकणातला माणूस वारा कुठून आहे ते विचारत बसेल.

मुदखेडला मात्र वेळ विपुल आहे, कारण मुदखेड जंक्शन आहे. एक फाटा नांदेडला, एक धर्माबादवरून निझामाबादला, एक भोकर-किनवटवरून आदिलाबादला. आदिलाबादकडून येऊन निझामाबादकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन इथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागते. तेवढ्यात एक छोटा डाव होतो. गाडी लेट असेल तर पूर्ण मालिका होते.

छापील वह्यांच्या रूपात हा खेळ अमेरिकेत १९३१ च्या सुमारास ‘साल्व्हो’ या नावाने विकायला आला. १९६७ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने त्याला प्लास्टिकचा डबा आणि टोचायच्या खुंट्या दिल्या. खुंट्या पहिल्याच आठवड्यात सोफ्याखाली जातात. कागदाला तो धोका नाही.

प्रत्येकाने दहा बाय दहाचे दोन चौरस आखायचे. एकात आपली जहाजे, दुसऱ्यात आपण केलेल्या माऱ्याची नोंद. जहाजे पाच : लांबी ५, ४, ३, ३ आणि २ चौकटी, एकूण १७. आडवी किंवा उभी ठेवायची, तिरपी नाही. या जहाजांना परदेशी नावे देण्याची गरज नाही. मराठ्यांच्या आरमारातली नावे चपखल बसतात : पाच चौकटींचे पाल, चारची गुराब, तीनची दोन गलबते, दोनचा मचवा. पाळीपाळीने एकेक चौकट पुकारायची. समोरच्याने ‘लागलं’ किंवा ‘पाण्यात’ असे खरे सांगायचे आणि पूर्ण जहाज गेले की ‘बुडालं’ हेही सांगायचे. हे शेवटचे सांगताना अनेकांचा आवाज अचानक बसतो.

उभ्या रांगांना अक्षरे आणि आडव्यांना आकडे देतात. ए, बी, सी वापरली तर प्लॅटफॉर्मवर बी, सी, डी, ई, जी ही सगळी सारखीच ऐकू येतात आणि तिन्ही भाषांतल्या घोषणांत त्यांचा निकाल लागतो. म्हणून क-वर्ग आणि च-वर्ग घ्यावा. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ : बरोब्बर दहा. वर्णमालेने जणू हा खेळ डोळ्यांपुढे ठेवूनच मांडणी केली आहे. पुकारताना अंकलिपीचा आधार घ्यायचा, म्हणजे ‘छत्रीचा छ, चार’ म्हटले की घोटाळा राहत नाही.

या अक्षरांनी खेळात एक नवेच शास्त्र आणले. नवशिक्या खेळाडूचे निदान एक जहाज ‘ज’च्या रांगेत असते, कारण अंकलिपीत ‘ज जहाजाचा’ असे चित्रासकट शिकवलेले असते आणि बालपणीचे संस्कार सहजी जात नाहीत. पहिला गोळा ज-५ वर टाकावा. दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांना अंकलिपीत चित्र नाही, त्यामुळे या रांगांवर मारा करायला कुणी धजत नाही. तिथे गोळा टाकायचा तर आधी अक्षर उच्चारावे लागते. ‘डच्या शेजारी टिंब, सात’ असे ओशाळून म्हणावे लागते. ‘ञ’ म्हणायला गेले तर समोरचा ‘ज्ञानेश्वरातला का?’ असे विचारतो. चारचौघांत उच्चार चुकण्यापेक्षा लढाई हरलेली बरी, असे मानणारे लोक मराठवाड्यात आणि बाहेरही पुष्कळ आहेत. त्यांच्याविरुद्ध गुराब ‘ञ’च्या रांगेत उभी करावी.

‘ञ’ची रांग शेवटची, म्हणजे काठाची, त्यामुळे गणितही याला पुष्टी देते. पाच चौकटींचे जहाज रिकाम्या पटावर १२० प्रकारे ठेवता येते. त्यांतले १० प्रकार मधल्या चौकटीवरून जातात, कोपऱ्यावरून फक्त २. म्हणजे पाल शोधायला पहिला गोळा कोपऱ्यात टाकणारा माणूस मधे टाकणाऱ्याच्या एक पंचमांश शक्यतेवर समाधानी आहे. पाचही जहाजांच्या मिळून मांडण्या तीन हजार कोटींच्या घरात जातात, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची मांडणी ओळखल्याचा दावा कुणी करू लागला तर आपला कागद आधी झाकावा. नुसता नशिबावर मारा केला तर शेवटचे जहाज बुडेपर्यंत शंभरातल्या सरासरी ९५ चौकटी फोडाव्या लागतात. इतक्या वेळात लेट गाडीसुद्धा येते.

सुधारणा सोपी आहे. सर्वांत लहान जहाज दोन चौकटींचे असते, म्हणून चौरस बुद्धिबळाच्या पटासारखा मानून फक्त काळ्या घरांत गोळे टाकले तरी कोणतेही जहाज सुटत नाही. शोधाचे क्षेत्र एकदम ५० वर येते. मचवा बुडाला की तिरप्या ओळीत दर तिसरी चौकट पुरते, म्हणजे ३३-३४. ‘लागलं’ ऐकू आले की शोध थांबवून त्या चौकटीच्या चारही बाजू तपासायच्या, आणि जिकडे सलग मोकळी जागा जास्त तिकडून सुरुवात करायची. दुसरा गोळा लागला की दिशा कळते. मग सरळ टोकापर्यंत जावे. इथे पुष्कळजण एक जहाज जखमी करून, वेगळाच मोह पडून दुसरीकडे जातात. घरातली अर्धवट कामे जशी राहतात तशीच ही जहाजे शेवटपर्यंत तरंगत राहतात.

त्रास देतो तो मचवाच. पाल आणि गुराब लवकर सापडतात, दोन चौकटींचा हा जीव मात्र शेवटपर्यंत नाकी नऊ आणतो. खऱ्या समुद्रातही तेच झाले होते. १६७९ च्या खांदेरी बेटाच्या लढाईत मराठ्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या होड्या उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या जोरावर बेटाला रसद पोचवत राहिल्या आणि वाऱ्याची वाट पाहणारी इंग्रजांची मोठी जहाजे त्यांच्या मागे धावू शकली नाहीत. म्हणून मचव्याची जागा मोठ्या जहाजाच्या अंगाला चिकटून असावी. समोरचा पाल बुडवून खूश होतो आणि तो भाग संपला असे समजतो.

इथवर गणित झाले. पण गणित अनोळखी माणसाशी खेळताना उपयोगी. मुदखेडमध्ये रोज त्याच त्या माणसांशी खेळायचे असते आणि तिथे शक्यतेपेक्षा स्वभाव मोठा. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ हा प्रतिस्पर्ध्यांतला स्वतंत्र वर्ग मानावा. त्यांची जहाजे सगळी आडवी असतात, रुळांना समांतर, आणि दोन जहाजांत सुरक्षित अंतर राखलेले असते. नातवाला हे माहीत असते. एकदा लागले की तो वर-खाली बघतच नाही.

‘आबा, गणपतीचा ग, सहा.’

‘लागलं.’

‘घराचा घ, सहा.’

‘लागलं. दम धर की जरा.’

‘ङ, सहा. आबा, बुडालं का न्हाई ते सांगा की.’

यावर आबा चष्मा काढून पुसतात, हा गलबत बुडाल्याचा निश्चित पुरावा असतो. उलट नातवाची पहिली मांडणी नेहमी काठाकाठाने असते, हे आबांना ठाऊक असते. ते कडेच्या चौकटी एकामागून एक फोडत जातात. दोघांनाही एकमेकांचे सगळे ठाऊक असल्यामुळे शेवटी जो आपली सवय मोडतो तो जिंकतो. आबांनी एखादे जहाज उभे केले तर नातू अर्धा तास हैराण होतो. ते सहसा तसे करत नाहीत. सेवेत असताना गाडी आडवी-उभी करण्याची मुभा नव्हती.

फसवणुकीचे प्रकार मोजकेच. पेन्सिलीने मांडलेले आरमार रबराने हलते, म्हणून पेन सक्तीचे. ‘लागलं’ला ‘पाण्यात’ म्हणणारा डावाच्या शेवटी उघडा पडतो, कारण दोन्ही कागद शेजारी ठेवून ताळा करण्याची पद्धत आहे; त्यावेळी कागदावर चहा सांडणे ही कबुली धरली जाते. स्वतःच्या चुकलेल्या माऱ्याची नोंद न करणे हा गुन्हा नव्हे, त्याची शिक्षा खेळाडू स्वतःच भोगतो : तीच रिकामी चौकट तो पुन्हा फोडतो.

वेळ कमी असेल तर साल्व्हो पद्धत घ्यावी. यात आपली जितकी जहाजे शाबूत तितके गोळे एका पाळीत मिळतात. डाव लवकर आटोपतो, पण पिछाडीवर पडलेल्याच्या तोफाही कमी होत जात असल्यामुळे भांडणे वाढतात.

डाव अर्धा असताना गाडी आली तर नियम असा : घोषणा झाल्यावर दोघांना एकेक गोळा, इंजिन दिसले की मारा बंद. मग आपापल्या जहाजांच्या न फुटलेल्या चौकटी मोजायच्या. ज्याच्या जास्त तो विजयी. बरोबरी झाली तर ज्याला गाडी पकडायची तो हरला, कारण त्याला वाद घालायला वेळ नसतो. आलेली गाडी मालगाडी निघाली तर डाव होता तिथून पुढे सुरू होतो, पाळी मात्र बदलत नाही.