गच्चीची किल्ली आणि ब्रह्म

गिरगावाला लागून खेतवाडी आहे. तिच्या दहाव्या गल्लीत बिड्या विकणारे एक दुकानदार राहायचे. त्यांच्या पोटमाळ्यावर युरोप-अमेरिकेतली माणसं दाटीवाटीनं बसायची. दुकानदार त्यांना मराठीतून एवढंच सांगायचे की, तुम्ही स्वतःला जे समजता ते तुम्ही नाही. कोणीतरी त्याचं इंग्रजी करायचं आणि मंडळी धन्य व्हायची. एवढं ऐकायला लोक विमानाचं तिकीट काढून यायचे. आमच्या घरी याच आशयाचं वाक्य मला रोज फुकट ऐकायला मिळतं. फक्त ते प्रश्नार्थक असतं : "तुम्ही स्वतःला समजता तरी कोण?"

हे दुकानदार म्हणजे निसर्गदत्त महाराज. मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी, जन्म 1897 चा, लहानपण मालवणजवळच्या कांदळगावात गेलेलं. मुंबईत येऊन त्यांनी बिड्यांचा धंदा काढला आणि तो आठ दुकानांपर्यंत वाढवला. पुढे 1933 मध्ये एका मित्रानं त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेलं. गुरूंनी सांगितलं, 'मी आहे' एवढ्या जाणिवेला धरून राहा, बाकीचं सोड. शिष्यानं तेवढंच केलं. दुकान चालू, गिऱ्हाईक चालू, बायकामुलं चालू. 1936 साली गुरू गेले, तेव्हा मात्र कांबळी घरदार सोडून हिमालयाच्या वाटेला लागले. वाटेत एक गुरुबंधू भेटले. त्यांनी पटवलं की वैराग्य प्रपंचात राहूनच जास्त कसाला लागतं. कांबळी परत आले. बघतात तर आठांतलं एकच दुकान उरलेलं. त्यांनी ते पुरेसं मानलं.

सगळ्या चरित्रात मला हा भाग फार आवडतो. हिमालयात गेलेल्यांच्या गोष्टी आपल्याकडे पोत्यानं आहेत. हिमालयाच्या वाटेवरून बिडीच्या गल्ल्यावर परत येऊन बसलेला माणूस शोधावा लागतो. आणि आठाचं एक झाल्यावर त्यांनी कोणाची पोलिसात तक्रार केली, भावकीत भांडण काढलं, असं कुठं वाचायला मिळत नाही. आमच्याकडे पार्किंगची रेघ वीतभर सरकली तर प्रकरण उपनिबंधकांपर्यंत जातं.

महाराजांच्या परंपरेत ध्यानाच्या दोन वाटा सांगतात. त्यांच्या गुरूंचे गुरू इंचगिरीचे भाऊसाहेब महाराज. त्यांचा भर नामस्मरणावर आणि तासन्‌तास ध्यानाला बसण्यावर होता. ही पिपीलिका मार्गाची, म्हणजे मुंगीची वाट : झाडाच्या बुंध्यापासून एकेक पाऊल टाकत फळापर्यंत जायचं. सिद्धरामेश्वरांनी विहंगम मार्ग सांगितला : पक्ष्यानं झेप घ्यावी आणि थेट फळावर उतरावं. विचारानं एकदाच नीट समजून घ्यायचं की मी देह नाही, मन नाही. मग बसायचं कशाला आणि उठायचं कशाला? मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. माझी वाट तिसरी निघाली. तिला रिक्षा मार्ग म्हणता येईल. मीटर चालू असतं, इंजिन धडधडत असतं, आणि आपण तासभर त्याच सिग्नलला उभे असतो.

आमच्या सोसायटीत ध्यानाचा वर्ग सुरू झाला तेव्हाची ही गोष्ट. जागा म्हणजे तळमजल्यावरचा हॉल, जिथं एरवी बारसं, साखरपुडा आणि पाण्याच्या बिलावरून वादावादी होते. शिकवायला येणारे गृहस्थ अतिशय शांत होते. त्यांची शांती बघूनच आमच्यातले दोघे अस्वस्थ झाले. ते म्हणाले, "विचार येतील. येऊ द्या. तुम्ही विचार नाही. तुम्ही विचारांना पाहणारे आहात." मला हे एकदम पटलं. माझे विचार एकूण ज्या दर्जाचे असतात तो पाहता, ते माझे नाहीत हे कळल्यावर मला मोठाच दिलासा मिळाला.

डोळे मिटले. पहिला विचार आला गवारीचा. गवार निबर होती, ती परत करायला हवी होती. मी त्या विचाराकडे साक्षीभावानं पाहिलं. मग बँकेचं केवायसी आलं. त्याच्याकडेही पाहिलं. मग 1994 च्या एका लग्नात एका नातेवाइकानं मला जिलबीच्या पंगतीत काय ऐकवलं होतं आणि मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते आलं. हे उत्तर गेली अनेक वर्षं माझ्याकडे सुधारत चाललं आहे. इतकं बिनतोड की ते नातेवाईक आता हयात नाहीत याचं वाईट वाटावं. मी साक्षीभावानं ते उत्तर आणखी जरा घासूनपुसून ठेवलं.

एवढ्यात आत कोणीतरी म्हणालं, "वा! काय छान पाहतोयस!" हा कोण? विचार करणारा मी नाही, हे ठरलं होतं. पाहणारा मी, हेही ठरलं होतं. मग पाहणाऱ्याची पाठ थोपटणारा हा तिसरा कुठून आला? त्याच्याकडे पाहायला गेलो तर चौथा उगवला. तो म्हणाला, "आता तुला साक्षीचाही साक्षी दिसायला लागला, बाकीच्यांना अजून गुडघेदुखीच दिसतेय." अद्वैत म्हणजे दोन नाहीत. मी एकटा हॉलमध्ये शिरलो होतो, आणि अर्ध्या तासात आत चौघांचं बिऱ्हाड झालं होतं. त्यातल्या एकानंही मेंटेनन्स भरलेला नव्हता.

निसर्गदत्त महाराजांकडे यावर उपाय होता, असं दिसतं. तिथं कोणी 'मला अमुक अनुभव आला' म्हणून सुरुवात केली की ते विचारत, अनुभव आला तो कोणाला? उत्तर देणाऱ्यानं दुसरं वाक्य जुळवलं की पुन्हा तोच प्रश्न. महाराज चांगलेच तापट होते. पोटमाळ्यावर आवाज चढायचा, पुस्तकी पांडित्य पाजळणाऱ्याला जिन्याची वाट दाखवली जायची. काही दिवस झाले की जुन्या मंडळींना 'आता निघा, नव्यांना जागा करा' असं सांगितलं जायचं. मला ही पद्धत आजच्या शिबिरांपेक्षा प्रामाणिक वाटते. तिथं पहिला टप्पा, दुसरा टप्पा, प्रगत टप्पा अशी शिडी नव्हती. शिडी होती ती फक्त माळ्यावर चढायची.

मनाच्या भटकंतीबद्दल शास्त्रज्ञांनीही हिशेब मांडला आहे. हार्वर्डमधल्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली एक अभ्यास छापला. लोकांच्या फोनवर दिवसभरात अवचित विचारणा व्हायची : आत्ता काय करताय, आणि मन कुठं आहे? त्यातून निघालं की माणसाचं मन जागेपणीचा जवळपास 47 टक्के वेळ हातातलं काम सोडून दुसरीकडेच असतं, आणि असं भटकणारं मन सहसा कमी सुखी असतं. मी हे मोठ्या उत्साहानं स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. बायको पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुमचे उरलेले त्रेपन्न टक्के कधी घरी असतात ते कळवा. दळण आणायचंय."

साक्षीभावाचा खरा बहर आमच्याकडे अशा वेळीच येतो. दळण, गॅस, लाइटबिल, भाचीच्या लग्नाचा अहेर यांपैकी काहीही निघालं की माझ्या ओळखीतला प्रत्येक साधक एकाएकी निर्लेप होतो. 'होणारं होतं, आपण फक्त पाहायचं' हे तत्त्वज्ञान आमचे एक मित्र विशेष करून मुलाच्या गणिताच्या अभ्यासाच्या वेळी सांगतात. चहा उशिरा आला की मात्र कर्ता, कर्म आणि क्रियापद तिन्ही जागच्या जागी येतात. मला एकही निर्लेप माणूस असा आढळलेला नाही, की जो पगारवाढीच्या पत्राकडेही फक्त पाहत बसला. अद्वैत आपण सोयीनं वापरतो : देणी असतील तेव्हा मी कोणीच नाही, येणी असतील तेव्हा मी पूर्ण आहे.

हा घोळ आजचा नाही. चांगदेवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षं जगलेले योगी. त्यांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यालाच अडले. वयानं लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर समोरचा ज्ञानानं मोठा. 'तीर्थरूप' लिहावं, तर तो पोरगेला. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई तो पाहून म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही हे कोरेच राहिले. मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर धाडलं, तीच 65 ओव्यांची चांगदेव पासष्टी. पत्र लिहिणारा, वाचणारा आणि पत्र यांत भेद कुठला, असा तिचा गाभा. मला मौज वाटते ती चांगदेवांच्या अडचणीची. प्राण जिंकले, वाघावर बसले, हातात सापाचा आसूड घेतला, आणि अडकले कुठं? तर मी मोठा की तू मोठा, या मायन्यात. आमच्या सोसायटीत लग्नपत्रिकेवर कोणाचं नाव आधी छापायचं यावरून दोन घरं बोलत नाहीत. त्यांनी निदान चौदाशे वर्षं तरी वाट पाहिलेली नाही.

महाराजांची मराठी बोलणी जगभर पोचवली ती मॉरिस फ्रीडमन यांनी. पोलंडमध्ये जन्मलेले हे ज्यू इंजिनिअर. ध्वनिमुद्रित संभाषणांवरून त्यांनी केलेलं 'आय ॲम दॅट' हे इंग्रजी पुस्तक 1973 साली मुंबईच्या चेतना प्रकाशनानं काढलं. खेतवाडीतला माणूस काय बोलत होता हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना या पुस्तकामुळे कळलं. मी स्वतः ते इंग्रजीतून वाचलं. मनातल्या मनात त्याचं परत मराठी करताना वाटेत पोलंड लागतं.

पण फ्रीडमन माझ्या लक्षात राहिले ते दुसऱ्याच कारणानं. खेतवाडीला येण्याच्या कितीतरी आधी ते औंध संस्थानात होते. सातारा जिल्ह्यातलं हे छोटं संस्थान, राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, चित्रं काढणारे राजे. फ्रीडमन यांच्या खटपटीनं आणि गांधीजींच्या सल्ल्यानं औंधची नवी घटना तयार झाली, आणि 1939 साली राजांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत निघाली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' मागे तीच आहे. आता विचार करा. एका माणसाच्या डोक्यात जन्मापासून 'मी राजा' हा विचार बसवलेला. चोपदार रोज तोच विचार मोठ्यांदा ओरडून पक्का करणार. आणि त्या माणसानं एक दिवस कागदावर सही करून तो विचार खाली ठेवला. डोळे मिटून नव्हे, उघड्या डोळ्यांनी. विचारांशी असलेलं तादात्म्य सोडणं म्हणतात, त्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला तरी कुठल्या शिबिरात कोणी दिलं नाही.

आमच्या सोसायटीचे माजी अध्यक्ष ध्यानाच्या वर्गाला पहिल्या रांगेत बसतात. त्यांची मांडी मोडत नाही, पाठीचा कणा ताठ असतो, आणि श्वास तर चालू आहे की नाही याची शेजारच्याला काळजी वाटावी. देह आपला नाही हे त्यांनी केव्हाच मान्य केलं आहे. मनही आपलं नाही म्हणतात. पदावरून उतरून बराच काळ झाला, तरी गच्चीची किल्ली मात्र अजून त्यांच्याकडे आहे. मागायला गेलं की ते मंद हसतात आणि म्हणतात, "किल्ली कोणाची असते हो?" हा प्रश्न निसर्गदत्तांना शोभला असता. इथं पापड वाळत घालायचे आहेत.

म्हणून माझं मत असं झालं आहे की, ध्यानाची परीक्षा हॉलमध्ये होत असली तरी वर्गाच्या वेळी होत नाही. ती त्याच हॉलमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेला होते. नाकावर माशी बसली असताना साक्षी राहणं कोणालाही जमतं. पण थकबाकीदारांच्या यादीत आपला फ्लॅट नंबर खणखणीत आवाजात वाचला गेला की आतला साक्षीदार हमखास फितूर होतो. टँकरच्या पैशांचा हिशेब कोणी मागितला की 'मला म्हणालास?' हा एवढासा विचार अख्खा हॉल व्यापतो. मी देह नाही, मन नाही असं नुकतंच कबूल केलेली माणसं दोन्हींनिशी उभी राहतात. मागच्या सभेत एका सदस्यांनी दुसऱ्यांना 'तुम्ही कोण?' असा निव्वळ अद्वैती प्रश्न विचारला, तर प्रकरण लेखी माफीपर्यंत गेलं.

खेतवाडीचे महाराज 8 सप्टेंबर 1981 रोजी गेले, घशाच्या कर्करोगानं. शेवटच्या दिवसांत आवाज बसला तरी येणाऱ्यांशी बोलणं त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांनी मोठा आश्रम बांधला नाही, त्यामुळे तिथं किल्लीचा प्रश्नही आला नसावा.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या पाहण्यात खरोखर साक्षीभाव साधलेला कोणी असेल, म्हणजे ज्याला हिशेब मागितला तर राग येत नाही, चोर म्हटलं तर जो आधी वह्या उघडून दाखवतो, आणि मुदत संपली की न मागता किल्ली परत करतो, तर त्याला आमच्याकडे पाठवा. सेक्रेटरीची जागा रिकामी आहे. मानधन नाही, चहा मिळेल. जरा लवकर कळवा, कारण कायद्याप्रमाणे वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते.