रक्ताला आधी चार प्रश्न विचारा

स्किझोफ्रेनिया रक्त तपासून ओळखता येईल, अशी बातमी अधूनमधून येतच असते. हल्ली त्या बातमीत क्रोमॅटिन असतं. पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. ही गुंडाळी म्हणजे क्रोमॅटिन. ती घट्ट असेल तिथली जनुकं गप्प राहतात, सैल झाली की कामाला लागतात. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांना 2013 साली रुग्णांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींत गुंडाळी घट्ट करणारी एक रासायनिक खूण जास्त आढळली. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा मागता येत नाही, रक्त मागता येतं. त्यामुळे हा शोध चालूच राहायला हवा. माझा आक्षेप आहे तो त्याला लगेच 'चाचणी' म्हणण्याला.

1957 साली स्वीडनचे स्टिग ओकरफेल्ट यांनी असाच एक निष्कर्ष मांडला होता. रुग्णाच्या रक्तद्रवात ठरावीक रसायन घातलं की ते भराभर लाल व्हायचं. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात रंग चढायला वेळ लागायचा. निदान हाती आलं, असा गाजावाजा झाला. मग उलगडा झाला, की क जीवनसत्त्व तो रंग रोखून धरतं, आणि वर्षानुवर्षं इस्पितळात राहिलेल्या रुग्णांच्या अंगात ते पुरेसं नव्हतं, कारण ते त्यांच्या ताटातच नव्हतं. चाचणी आजार मोजत नव्हती, इस्पितळाचा भटारखाना मोजत होती. मला यात सगळ्यात जास्त लागतं ते हेच: त्या माणसांना नीट जेवायला मिळत नाही, हे एका परीक्षानळीतून कळावं लागलं.

क्रोमॅटिनची गोष्ट वेगळी नाही. सिगारेटचा ठसा रक्तपेशींच्या डीएनएवर स्पष्ट उमटतो, आणि या रुग्णांमध्ये धूम्रपान बरंच जास्त असतं. अनेकांना दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध तर थेट हिस्टोनवरच्या खुणा बदलतं. साधा संसर्ग झाला तरी पांढऱ्या पेशींचं आपसातलं प्रमाण हलतं. म्हणून असा निष्कर्ष वाचला की विचारा: रुग्ण कोणती औषधं घेत होते? तुलनेसाठी घेतलेले लोक सिगारेट ओढणारे होते का? दोघांचं खाणंपिणं सारखं होतं का? कोणत्या पेशी मोजल्या? 2010 मध्ये अमेरिकेत रक्तातले 51 घटक मोजणारी 'व्हेरीसाइक' ही चाचणी विकायलाही आली होती. काही वर्षांत ती बंद पडली.

आजही निदान होतं ते डॉक्टरांनी रुग्णाशी आणि घरच्यांशी बसून बोलल्यावर. आपल्याकडे अडतं ते तिथं पोचण्यापाशी. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार तीव्र मानसिक आजार असलेल्या चारपैकी तिघांना उपचार मिळत नव्हते. 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणत, अंगारेधुपारे करत कित्येक घरांत महिने जातात, आणि उपचार जितके लांबतात तितकं सावरणं अवघड होतं.

तेव्हा घरात कुणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, कुणी आपल्या वाईटावर आहे असा संशय हटत नसेल, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका आणि तसा रिपोर्ट कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कुठं जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा; तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.