सांडव्यावरून गेलेल्या फायली

पवनीच्या एका टायपिंगच्या दुकानात माझा नंबर येईपर्यंत करमणुकीला संगणकाचा टास्कबार पुरतो. दुकानदार वर्डच्या चिन्हावर माउसचे उजवे बटन दाबतो आणि तळातून एक यादी अलगद उगवते: अलीकडे उघडलेल्या फायली. २००९ च्या विंडोज ७ पासूनची ही सोय, मुळात दहा नावांची. त्या दहा ओळींत भंडारा जिल्ह्याचा चालू ऋतू नेमका वाचता येतो. रोवणीच्या दिवसांत पीकविम्याचे अर्ज, दिवाळीच्या सुमारास धान विक्रीची कागदपत्रे, मग मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचे पत्रक, थंडीत शंकरपटाच्या बैलशर्यती आणि ऊन तापले की लग्नपत्रिका. मधूनच एखादी तेरवीची पत्रिका, लग्नाच्याच फायलीवरून बेतलेली. गणपती काढलेला, कडेची वेलबुट्टी राहून गेलेली. यादी दोघींना शेजारी बसवते, सोयरसुतक पाळत नाही.

नवे नाव आले की सर्वांत जुने तळाशी घसरते आणि दिसेनासे होते. मला साकोली-लाखनीकडचे मालगुजारी तलाव आठवतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी ते अशा बेताने बांधले, की एक भरला की सांडव्यावरचे पाणी खालच्या तलावाला मिळावे. १९५० च्या कायद्याने महसुलाची मालगुजारी पद्धत संपली. तलावांनी नाव तेवढे जपले. यादीतून ओसंडलेली फाईलही वाया जात नाही, कुठल्याशा फोल्डरच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, निवांत साचून राहते. कुणाच्या तरी लेकीचे लग्न, कुणाचा सातबाराचा अर्ज, सारे तिथे एका पाण्यात.

फोल्डरांच्या चिन्हावर मात्र वेगळा हिशेब चालतो. तिथे ताजेपणाला मान नाही. ज्याच्याकडे वारंवार जाणे होते तो वर. अलीकडचे आणि वारंवारचे, यांतले एकच काय ते दाखवा, असा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सल्ला आहे. माणसाच्या मनाला हा सल्ला अजून पोचलेला नाही. तिथे कालचे भांडण आणि चाळीस वर्षांपूर्वीचे गाणे हातात हात घालून वर येतात.

या दुकानातल्या वारंवारच्या यादीत सर्वांत वर ‘गोसीखुर्द अर्ज’ नावाचा फोल्डर असतो. गोसीखुर्द धरणाचा पाया १९८८ मध्ये घातला गेला. एक म्हातारे काका अधूनमधून येतात, त्याच अर्जावरची तारीख बदलून घेतात. ‘बसा जी काका,’ म्हणत दुकानदार न शोधता फोल्डर उघडतो. तारखेचे पैसे तो घेत नाही.

जे वारंवार लागते ते माणसाला प्रिय असणार, अशी यंत्राची भाबडी समजूत आहे. प्रिय ते आपल्याला यादीत हाताने टाचून (‘पिन’ करून) ठेवावे लागते. अडलेले मात्र न टाचताही वर बसून राहते. काकांचा फोल्डर त्या यादीतून लवकर घसरावा, एवढेच मागणे आहे.