उतारावरची बचत

आमच्या नानांच्या स्कूटरने पसरणी घाट उतरताना कधी पेट्रोल प्यायलं नाही. पाचगणी मागे पडली की स्कूटर न्यूट्रल, चावी बंद, आणि वाईपर्यंत दहा-बारा किलोमीटर नुसता वाऱ्याचा आवाज. मागे काकू, पुढे उभा मी. घाट संपला की नाना सेकंड टाकून क्लच सोडायचे, स्कूटर एक ढेकर द्यायची आणि सुरू व्हायची. ‘दोन रुपये वाचले,’ असं ते दर वेळी जाहीर करायचे. अशा दोन-दोन रुपयांतूनच घर उभं राहिलं, असं काकू आजही सांगते. मी हिशेब केलेला नाही. काही हिशेब करू नयेत.

मग गुडघे कुरकुरू लागले आणि नानांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच सुटला, पण सवय सुटली नाही. त्याच घाटात, त्याच वळणाशी त्यांचा हात चावीकडे गेला. मी शेजारी भडंग खात होतो.

आधी एसी गेला. पहिला ब्रेक नेहमीसारखा लागला, दुसरा जरा जड गेला आणि तिसऱ्याला पॅडलचा दगड झाला. ब्रेकला हात देणारा बूस्टर साठवलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच मदत करतो, पुढचं सगळं आपल्या मांडीवर. स्टीअरिंग तर गव्हाचं पोतं झालं होतं. समोरून ऊस भरलेला ट्रक. नानांनी सवयीने सेकंड शोधला, पण तिथे पी, आर, एन, डी अशी वेगळीच बाराखडी. त्यांनी चावी फिरवली, तर स्टार्टर ढिम्म! डी-मध्ये तो फिरतच नाही. ‘नाना, एन! एन!’ मी ओरडलो. गाडी सुरू झाली. भडंग सीटखाली अजूनही सापडतो.

वाईत एका मेकॅनिकने चहा मागवला आणि नानांची शिकवणी घेतली. स्कूटरचा गिअरबॉक्स आपल्या तेलात डुंबत असतो, इंजिन चालू असो वा बंद. ऑटोमॅटिकमध्ये तेल खेळवणारा पंप इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिन झोपलं की पंपही झोपला, चाकं मात्र आतले गिअर कोरडेच फिरवत राहतात. वाचलेलं पेट्रोल एका पारड्यात आणि नवा गिअरबॉक्स दुसऱ्यात. म्हणूनच अशी गाडी बंद पडली तर दोरी बांधून टोचन करत नाहीत, इंजिन फिरवतं ती चाकं उचलून नेतात. धक्कास्टार्टही विसरायचा.

नाना ऐकत होते, पण पटलेलं दिसत नव्हतं. मग मेकॅनिकने हुकमाचं पान टाकलं. ‘नाना, डी-मध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच थांबवतो. न्यूट्रलला उलट थोडं जळतं.’

‘म्हणजे शून्य?’

‘शून्य.’

नानांनी चहाचे पैसे स्वतः दिले.

आता ते घाट डी-मध्ये उतरतात, तीव्र उतारावर खालचा गिअर घेतात, म्हणजे ब्रेकही तापत नाहीत. मायलेजच्या मीटरचा आकडा ९९.९च्या पुढे जात नाही, एवढीच त्यांची गाडीबद्दल तक्रार आहे.