शेजाऱ्याचं वजन

एम्युलेटरमधल्या फोनला येत नाही असं फारसं काही नसतं. संगणकाच्या पडद्यावर हा कचकड्याचा फोन उगवतो तोच मुळी कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये. आपण अक्षांश-रेखांश बदलले की पुढच्या क्षणाला तो दमणगंगेच्या पुलावर उभा. बॅटरी हवी तेवढी, कॉल हवा तेव्हा, एसएमएस हव्या त्या नंबरावरून. बोट नसताना अंगठ्याचा ठसासुद्धा देता येतो. कॅमेरा उघडला तर आत एक सजवलेला दिवाणखाना दिसतो आणि बटणं दाबून त्यात हिंडताही येतं. सिल्वाशात वन-बीएचके बुक करणाऱ्याला बिल्डर याहून जास्त काही दाखवत नाही.

अशा या सर्वगुणसंपन्न फोनला म्हणावं, “बाबा रे, समोरच्या वजनकाट्याशी जरा ब्लूटूथवर बोल,” की तो मख्ख.

यात त्याचा दोष नाही. अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीतच एम्युलेटरला न जमणाऱ्या गोष्टींची यादी असायची आणि तिच्यात ब्लूटूथ आणि एनएफसी वर्षानुवर्षं मांडी ठोकून होते. आयफोनच्या सिम्युलेटरचीही हीच रड. उपग्रहाचं सोंग सोपं असतं, कारण ॲपला त्याच्याकडून शेवटी दोन आकडेच हवे असतात. ब्लूटूथला खरा रेडिओ लागतो, समोर दुसरा खरा रेडिओ लागतो आणि दोघं साधारण दहा मीटरच्या आत लागतात. ॲपने “ब्लूटूथ आहे का?” म्हणून विचारलं की जुना एम्युलेटर “बंद आहे” असंही म्हणायचा नाही, ‘नल’ म्हणायचा, म्हणजे असलं काही या जन्मात नाहीच. आणि हे उत्तर मनात न धरता लिहिलेलं ॲप तिथल्या तिथे मान टाकायचं.

मी असल्या ॲपांची तपासणी करून पोट भरतो. गिऱ्हाइकं बहुतेक इथल्याच औद्योगिक वसाहतींतली. त्यातल्या एका यार्नवाल्या शेठना हवं होतं ते साधंच: बॉबिनचं खोकं काट्यावर ठेवायचं, वजन फोनवर यायचं आणि फोनवरून लेबल छापून निघायचं. शेठ ऑफिसात आले, माझ्या पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आ ब्लूटूथ केम नथी पकडतुं?”

“शेठ, हा फोन खोटा आहे.”

“अने पैसा?”

पैसे खरे होते, त्यामुळे मी गप्प बसलो.

तसं बघितलं तर जवळचंच नेमकं अडायचं, ही आमच्या प्रदेशाची जुनी खोड. दादरा आणि नगर हवेली हे नाव सगळे एका दमात घेतात, पण दोघांच्या मध्ये गुजरातची जमीन आहे. उलट मघवाळ हे गुजरातचं गाव नगर हवेलीच्या पोटात बसलंय. पोर्तुगीजांना लिस्बनहून दमणपर्यंत समुद्र ओलांडून येणं जमलं, पण दमणहून दादऱ्याला जायचं तर वाट भारतातून. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं (त्या मोहिमेत आपले सुधीर फडकेही होते) आणि पुढच्या वर्षी पोर्तुगाल त्या वाटेसाठी थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० चा निकाल मला तर हुबेहूब फोनच्या परवानगीच्या पडद्यासारखा वाटतो: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी, माल – परवानगी होती, सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा – नव्हती. आणि भारताने वाट अडवली त्यात काही वावगं केलं नाही. म्हणजे हक्क होता, पण कनेक्शन झालं नाही. ॲपतपासनीसाला यात नवल ते काय!

परवानगीवरून आमच्याकडेही हेग झालंच. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत, जवळपासची ब्लूटूथ यंत्रं शोधायची तर ॲपला लोकेशनची परवानगी मागावी लागते, कारण आजूबाजूला कुठली यंत्रं आहेत यावरून माणूस कुठे आहे ते कळू शकतं. बारापासून ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी आली, पण पॅकिंग खात्यातले फोन बारापर्यंत पोचलेले नव्हते. तलासरीकडून रोज येणाऱ्या एका मावशींनी पडदा वाचला आणि फोन माझ्या हातात परत दिला.

“वजन खोक्याचं करायचं ना? मग मी कुठं हाय ते शेठला कशापायी पायजे?”

मी उपग्रह, रेडिओ, गोपनीयता असं बरंच समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या पोराचा फोन वापरायला घेतला. हा युक्तिवाद न्यायालयात टिकला असता असं माझं प्रामाणिक मत आहे.

मध्यंतरी एम्युलेटर सुधारला. आता त्याला आभासी ब्लूटूथ मिळालंय. त्यामागच्या खोट्या रेडिओचं नाव कुणा गमत्याने ‘रूट कॅनॉल’ ठेवलंय. निळ्या दाताला दुसरं कोणतं नाव शोभणार म्हणा. दोन खोटे फोन पडद्यावर शेजारी मांडले की ते एकमेकांना झटकन ओळखतात. मध्ये भिंत नाही, लोखंड नाही, कँटीनचा मायक्रोवेव्ह नाही, घामेजलेला माणूस नाही. माझ्या चाचण्या ओळीने हिरव्या झाल्या आणि मी फोन घेऊन कारखान्यात गेलो.

तिथे पत्र्याची शेड, यंत्रांच्या रांगा आणि खोक्यांच्या थप्प्या. ब्लूटूथ शोधायला लावलं तर यादीत ‘एचसी-०५’, खाली ‘एचसी-०५’, त्याच्या खाली पुन्हा ‘एचसी-०५’. स्वस्तातल्या काट्यांत बसवतात त्या मॉड्यूलचं हे जन्मनाव. बारसं करायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. पासवर्डही जन्मापासूनचाच, १२३४. आम्ही वरचं नाव दाबलं. जोडलं गेलं. पॅकिंग खात्यात टाळ्या पडल्या.

काटा रिकामा होता. फोनवर वजन आलं, ३१.४०० किलो.

मी काट्यावर हात दाबला, ३१.४००. हात काढला, शून्य. शेठ खुश झाले. मग कुणीही काहीही न ठेवता ३०.९५० आलं आणि शेठनी माझ्याकडे बघितलं. भिंतीपलीकडून खोकं आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आपटलं, ३१.२००. पलीकडच्या गाळ्यात दुसऱ्या शेठचं डिस्पॅच चालू होतं. हे मॉड्यूल एका वेळी एकाशीच जोडलं जातं, आणि त्यांचा काटा त्या घडीला मोकळा होता.

“आ बाजूवाळानुं वजन छे?” शेठनी आवाज खाली आणून विचारलं.

“हो शेठ. लगेच तोडतो.”

“ऊभो रे,” शेठनी माझं मनगट धरलं. “आखा दिवसनो टोटल आवशे? एक्सेलमां?”