कानबाईच्या दोन नथी

आमच्या कानबाईला नथ एकच आहे. फोटोत मात्र दोन दिसतात. पहिल्या वर्षीच्या फोटोत तर अडीच आहेत, पण ते वर्ष मी धरत नाही, कारण तेव्हा माझ्या एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. सुरत-भुसावळ लाइनीवरची माणसं जशी पोटासाठी सुरतेला उतरली, तसे वडीलही उतरले. कुणी लिंबायतला राहिलं, कुणी उधन्याला. वडिलांना पलसाण्याकडे डाइंगमध्ये काम लागलं, म्हणून आम्ही पलसाण्याचे झालो. मी त्याच पट्ट्यातल्या एका मिलच्या फोल्डिंग खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कापडाची घडी सरळ पडते की नाही ते पाहायचं आणि घरी येऊन स्वतःचे वाकडे फोटो पाहायचे, असं माझं आयुष्य आहे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी. तिला डोळे, नथ, मंगळसूत्र, भरजरी साडी. दोन्ही बाजूंना समया आणि समोर रात्रभर गाणी-फुगड्या. सोमवारी सकाळी विसर्जन. म्हणजे फोटोला मिळते ती एक रात्र. त्यात माय फ्लॅश उडवू देत नाही. "देवीना डोयामा ईज मारस का रे?" असं एकदा तिने चारचौघांत विचारलं, तेव्हापासून माझा फ्लॅश कपाटात आहे.

फ्लॅश नाही म्हणजे समईचा उजेड, आणि समईच्या उजेडाला कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. हातात धरून फोटो काढायचा तर फोटोवाल्यांचा एक जुना अडाखा आहे: लेन्स 50 मिलिमीटरची असेल तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त वेळ घेऊ नये. समई मागते अख्खा एक सेकंद. एका सेकंदात माझा हात कुठून कुठे जातो ते त्या नथींवरून कळतं.

तेव्हा स्टँड घ्यायचं ठरलं. सुरतेतल्या एका दुकानदाराने गल्ल्यामागून एक काळी नळकांडी काढली, एका बोटावर तोलून दाखवली आणि म्हणाला, "साहेब, आ तो एकदम हलकुं छे!" मलाही तो गुणच वाटला. मराठीत हलका आणि हलणारा या दोन शब्दांत इतकं कमी अंतर का आहे, हे मला त्या रात्री घरी कळलं.

त्या स्टँडला पाय तीन आणि प्रत्येक पायात तीन-तीन नळ्या. शेवटची नळी अगरबत्तीपेक्षा थोडी जाड. मी उत्साहाने सगळ्या नळ्या पूर्ण ओढल्या, मग मधला दांडाही वर चढवला. आता मला ठाऊक आहे की आधी जाड नळ्या उघडायच्या, बारीक नळ्यांना अगदीच गरज पडली तर हात लावायचा आणि मधल्या दांड्याला शक्यतो लावायचाच नाही. तो चढवला की तिवईवर काठी उभी केल्यासारखं होतं आणि आपण विकत घेतलेले तीन पाय फुकट जातात. हे दुकानदाराने सांगितलं नाही. त्याने मला त्यावरचा पाण्याचा बुडबुडा दाखवला. बुडबुडा मध्ये आला की स्टँड सरळ. बुडबुडा खरंच मध्ये यायचा. फक्त कॅमेरा लावला की डोकं हळूहळू खाली झुकायचं, आणि मी बटण दाबेपर्यंत कानबाईऐवजी चौरंगाच्या पायांचा फोटो निघायचा.

दुसऱ्या वर्षी खर्च न करता उपाय करायचा असं घरातून ठरलं. घरातून म्हणजे बायकोकडून. उपाय मात्र खराच आहे आणि जगभरचे फोटोवाले करतात. कॅमेऱ्याच्या बुडाला जे भोक असतं त्यात बोल्ट लावायचा, बोल्टला दोरी बांधायची, दोरीचं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून धरायचा. दोरी ताठ राहिली की कॅमेऱ्याचं वरखाली होणं बरंच थांबतं. बोल्ट आणायला चोकडीजवळच्या हार्डवेअरमध्ये गेलो. त्याने 6 एमएमचा दिला. दिसायला तसाच, आत दोन आटे गेलाही, आणि ओढल्याबरोबर बाहेर. कारण सगळं जग मिलिमीटरमध्ये गेलं तरी कॅमेऱ्याचं भोक अजून पाव इंचाचंच आहे, इंचाला वीस आटे. स्टँड कुठलाही असो, कॅमेरा कुठलाही असो, हा एक स्क्रू जवळजवळ सगळ्यांना चालतो. हे जमलंय म्हणजे चार्जरचंही कधीतरी जमेल असं मला वाटतं.

पाव इंची बोल्ट मिळाला. दोरी मिळाली नाही. रात्र झालेली, पाहुणे आलेले, म्हणून पायजम्याची नाडी काढली. दुसऱ्या पायजम्याची, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होतो. पण देवीसमोर एक मध्यमवयीन माणूस पायाखाली नाडी दाबून ती दोन्ही हातांनी वर ओढतोय आणि श्वास रोखून लाल झालाय, हे दृश्य पाहून फुगडी घालणाऱ्या बायका थांबल्या. त्या वर्षी गाण्यांपेक्षा हसण्याचा आवाज जास्त झाला. नथी दोनच आल्या, पण जरा जवळजवळ.

मराठी माणसाने गुजरातेत कॅमेरा मांडणं ही तशी जुनी गोष्ट. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला होता. पुढे 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आला, पण त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपली होती. कॅमेरा एका जागी ठेवून, दिवसेंदिवस थोडं थोडं. हे वाचून मला फाळक्यांबद्दल आदर वाटला आणि वाटाण्याबद्दल हेवा. वाटाणा फुगडी घालत नाही.

तिसऱ्या वर्षी ओळखीच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरचा स्टँड मागून आणला. वजनाने सिलिंडरच्या जवळपास, आणि त्याला लांब दांडा, रिक्षाच्या हँडलसारखा. खोली दहा बाय बाराची. तो उभा राहिला तेव्हा तीन बायकांची जागा गेली. लांबच्या एका काकूंनी त्याच्या मधल्या हुकाला स्वतःची पिशवी अडकवली. मी ती काढणार होतो, पण तो हूक त्यासाठीच असतो. वजन टांगलं की स्टँड जमिनीला घट्ट बसतो. फक्त पिशवी झुलता कामा नये, बूड जमिनीला टेकलेलं हवं. काकूंची पिशवी टेकली होती. आत काय होतं देव जाणे, पण वजन उत्तम होतं.

शिवाय बोटाचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. लेन्सवरचं थरथर आवरणारं बटणही बंद केलं, कारण काही जुन्या लेन्सना थरथर सापडली नाही की त्या स्वतःच थोडी तयार करतात. आमच्या खात्यात असा एक तपासनीस आहे. इतकं सगळं करूनही नथी दोन. एकीच्या बाजूला एक, नीट मांडलेल्या.

मी वैतागून खाली बसलो. शेजारी पाण्याचा स्टीलचा पेला होता. हायवेवरून एक ट्रेलर गेला आणि पेल्यातल्या पाण्यावर गोल गोल रेघा उठल्या. पलसाण्याला मुंबई-दिल्लीचा 48 नंबर आणि हजिऱ्याहून धुळ्याकडे जाणारा 53 नंबर असे दोन हायवे जवळ येतात, आणि आमचं घर पहिल्या मजल्यावर. ट्रेलर गेला, रेघा विरल्या. मग आठ बायकांनी फुगडीचा फेर धरला आणि पेला जमिनीवरून चक्क सरकला. मी तीन वर्षं तीन पायांमध्ये दोष शोधत होतो. पाय ज्या स्लॅबवर होते ती नाचत होती.

माय हे सगळं बघत होती. "कानबाई हालस का कधी? तूच हाली राहिना," ती म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती उशीचा जुना अभ्रा घेऊन. आत चारेक किलो दादर ज्वारी, नंदुरबारहून आलेली, भाकरीसाठी ठेवलेली. ती पिशवी तिने भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली, वर थाप मारून खळगा केला आणि म्हणाली, "ठेव आठे."

फोटोवाले याला बीनबॅग म्हणतात. जंगलात जिपच्या खिडकीवर ठेवून वाघाचे फोटो काढायला वापरतात. पण मुख्य गंमत कोनाड्यात होती. स्लॅब सगळ्यात जास्त हलते ती मधोमध, खांबाजवळच्या भिंतीत सगळ्यात कमी. मायला हे स्लॅबशास्त्र कुठून ठाऊक, असं मी विचारलं. ती म्हणाली, समई तिथे विझत नाही.

कॅमेरा दादरीत रुतला. टायमर लावला, दोन सेकंदांचा फोटो घेतला. तेवढ्यात भाच्याने फोन पुढे करून हातातच एक फोटो काढला. "मामा, झालं." फोन एका दमात अनेक फोटो घेऊन जुळवतो म्हणे. त्याचा फोटो चांगला होता, नाही असं नाही. फक्त रात्री अकरा वाजता आमच्या घरात दुपार झाली होती आणि समया उगाच लावल्यासारख्या दिसत होत्या.

माझ्या फोटोत रात्र होती. नथ एक. तिचे मोती मोजता येत होते. फुगडीच्या बायकांचा मात्र धूर झाला होता, नुसते साड्यांचे रंग फिरलेले. 1838 च्या सुमारास दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, त्याची मला आठवण झाली. फोटोला कित्येक मिनिटं लागली, चालती माणसं, गाड्या सगळं पुसलं गेलं, आणि बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा उमटला.

आमच्याही फोटोत एक माणूस उमटला आहे. चौरंगाच्या डाव्या हाताला, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकलेले दाजी. अगदी खिशातल्या पेनाच्या टोपणासकट. इतका काटेकोर फोटो दाजींचा लग्नातही आला नव्हता. ते दरवर्षी नातेवाइकांना सांगतात की कानबाईच्या जागराला माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

सोमवारी विसर्जन झालं. मंगळवारी मायने दादर परत डब्यात ओतली, दळून आणली आणि माझा स्टँड आम्ही आठवडाभर भाकरी करून खाल्ला. फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. दहाव्या मिनिटाला दाजींचा फोन आला.

"भाऊ, फोटो छान आहे. पण फ्रेमला मागच्या वर्षीचा लाव. त्यात देवीला दोन नथी आहेत."