तेच नऊ जण

नोटिशीच्या तळाशी एक ओळ असते. वरचं सगळं, म्हणजे मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेबपत्रकांना मंजुरी देणे, लेखापरीक्षकाची नेमणूक करणे वगैरे, कुणी वाचत नाही. वाचायची गरजही नाही. नोटिशीचा सगळा जीव त्या तळाच्या ओळीत असतो: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी ही ओळ डकवलेली सापडेल.

हल्ली जिकडेतिकडे जनसंवाद सुरू आहे. फ्लेक्सवर जनसंवाद, बजेटात जनसंवाद, चर्चासत्रात तर जेवणाआधी आणि जेवणानंतरही जनसंवाद. लोकांशी बोललं पाहिजे, लोकांना बोलतं केलं पाहिजे, त्याशिवाय नागरिकांचा सहभाग कसा वाढणार, असं सगळे वक्ते आलटून पालटून सांगतात आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द होतात. या मंडळींना माझं एकच सांगणं आहे. आधी ती तळाची ओळ वाचा.

गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेची गणपूर्ती उपविधींत स्पष्ट आहे. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत वीस माणसं आली की भागलं. येतात नऊ. पाच कमिटीतले. एक तळमजल्यावरचे आजोबा, जे एरवीही तिथेच बसलेले असतात. सभा त्यांच्याभोवती भरते इतकंच. एक गळतीवाल्या काकू. आणि दोघं दुधाची पिशवी आणायला खाली उतरले ते सापडले म्हणून. सेक्रेटरी घड्याळ बघतात. चेहऱ्यावर चिंता मुळीच नसते. असते ती समाधानी माणसाची प्रसन्नता. दहा वाजतात. सभा तहकूब.

आता तो अर्धा तास.

लोकशाहीवर एवढे ग्रंथ झाले, पण या अर्ध्या तासावर कुणी लिहिलेलं नाही, याचं मला फार आश्चर्य वाटतं. दहा वाजता हे नऊ जण नालायक होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांना गच्चीतला बल्ब बदलायचाही ठराव करता आला नसता. साडेदहा वाजता तेच नऊ जण, त्याच खुर्च्यांवर, इमारतीच्या रंगकामाचं चाळीस लाखांचं कंत्राट द्यायला समर्थ झालेले असतात. मधल्या काळात घडतं काय? मी बारकाईने पाहिलेलं आहे. चहा येतो. कागदी कप इतके लहान असतात की दोन घोटांत संपतात आणि मग माणसं रिकामा कप हातात घेऊन बसून राहतात. आजोबांना बिस्किट दिलं जातं. खजिनदार फोनवर कुणाला तरी ‘हो हो, आटपतंय’ असं सांगतात, सभा सुरू व्हायच्या आधी. दुधाच्या पिशव्यांना घाम येतो. पंखा फिरतो. एवढ्यानेच त्या नऊ जणांच्या अंगी उरलेल्या एकोणचाळीस बिऱ्हाडांचं प्रतिनिधित्व उतरतं. ही युक्ती इतकी नामी आहे की ती सोसायटीपुरती का ठेवावी, हेच कळत नाही. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापून टाका: ‘वर वेळेवर न पोहोचल्यास विवाह अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येईल व त्यानंतर होणाऱ्या विवाहास वराची आवश्यकता राहणार नाही.’ वाजंत्री आहेत, आचारी आहेत, अक्षता वाटून झाल्यात, हॉल दोनपर्यंतच आहे. एका माणसासाठी किती खोळंबायचं? नवरीकडच्यांनी आक्षेप घेतला तर गुरुजी सांगतील, मूळ मुहूर्ताला यायला कुणी अडवलं होतं का? मुळात उदासीनता वराकडून झाली आहे. त्याचं प्रबोधन केलं पाहिजे. पुढच्या लग्नाला त्याचा सहभाग वाढावा म्हणून एक कार्यशाळा घेऊ.

तर साडेदहाला सभा सुरू होते आणि गळतीवाल्या काकू हात वर करतात.

“काकू, हा विषय अजेंड्यावर नाही.”

“मग घ्या अजेंड्यावर.”

“तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. मूळ सभेत मांडायचा होता.”

“मूळ सभेत मी होतेच की.”

“तुम्ही होतात हो, पण सभा कुठे होती?”

यावर काकूंना काही बोलता येत नाही, कारण बोलण्यासारखं काही शिल्लकच नसतं. इतिवृत्तात लिहिलं जातं: ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ सूचक दुधाची पिशवी क्रमांक एक, अनुमोदक क्रमांक दोन.

काकू मात्र चिवट. त्यांना कुणीतरी सांगितलं की एक पंचमांश सभासदांनी सह्या करून मागणी केली तर कमिटीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. खरं आहे, सहकार कायद्यात तशी सोय आहे. काकू जिने चढून, दारोदार बेल वाजवून दहा सह्या आणतात. सभा लागते. रविवारची सकाळ, पुन्हा नऊ जण. काकू निश्चिंत, अर्ध्या तासाने होईलच सभा. आणि इथे सेक्रेटरी १९६१ च्या नियमांचं पुस्तक काढतात. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब होत नसते. ती बरखास्त होते! कमिटीने बोलावलेली सभा माणसांशिवाय चालते. माणसांनी बोलावलेली सभा माणसांशिवाय मरते. कमिटीच्या सभेला अर्ध्या तासाचा चहा, काकूंच्या सभेला थेट मूठमाती. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांच्या घरची गळती कुणी काढली असेल?

आता कुणी म्हणेल, सोसायटीचं काय घेऊन बसलात, खरी लोकशाही गावात. चला गावात. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, म्हणजे बुंदी किंवा जिलबीच्या दिवशी ग्रामसभा लावायची आपल्याकडे रीत आहे. गणपूर्ती किती? मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. तीन हजार मतदारांच्या गावात पंधरा टक्के म्हणजे साडेचारशे होतात, तेवढ्याची गरज नाही, शंभर पुरे. दहा हजार मतदारांच्या गावातही शंभरच. शंभरातला एक माणूस आला तरी गाव जमलं असं धरायला कायदा तयार आहे. तरीही सभा तहकूब होते. आणि तहकूब ग्रामसभेला गणपूर्ती लागत नाही, हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. घरकुलाची यादी, वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा, गायरानाचा ठराव, सगळं मग पारावरच्या मोजक्या डोक्यांच्या साक्षीने ‘ग्रामसभेचा ठराव’ होऊन तालुक्याला जातं. सह्या कमी दिसल्या तर शिपाई वही घेऊन संध्याकाळी घरोघरी फिरतो. खरा जनसंवाद म्हणाल तर तो हा. तो बिचारा प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन विचारपूस तरी करतो.

कधीकधी उलटं होतं. पाणी योजनेचं बिल निघालंय आणि नळाला पाणी नाही, अशा वेळी शंभरच काय, चारशे माणसं येतात. बाया घागरी घेऊन येतात. मग काय होतं? ‘गोंधळामुळे सभा तहकूब.’ थोडे आले तर तहकूब, फार आले तर तहकूब. पुढच्या तारखेला, पावसात, नऊ जण. चर्चेअंती सर्वानुमते.

कारखाना, खाण किंवा धरण यायचं असेल तर जनसुनावणी असते. तिथे तर फारच प्रगती झालेली आहे. २००६ ची पर्यावरणाची अधिसूचना काढून पाहा. तीस दिवसांची नोटीस, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ सहकारी, सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण, आणि उपस्थितीला गणपूर्तीची अट नाही असं सरळ लिहून टाकलेलं. अर्धा तास वाचला, चहाही वाचला. पण यातली मेख लक्षात घ्या. ज्या गावाला प्रकल्पच नको आहे, ते गाव रागाने सुनावणीवर बहिष्कार टाकतं, मंडपात पाय ठेवत नाही. रिकाम्या खुर्च्यांचं व्यवस्थित चित्रीकरण होतं आणि सुनावणी पार पडते. गावाने अख्खं अंग काढून घेतलं तरी कायद्याला ते जाणवत नाही. न येणं म्हणजे नकार, हे मराठीत कुठल्याही सोयऱ्याला कळतं. जेवायला बोलावलं आणि पाहुणा आला नाही, तर ‘पाहुण्यांनी सर्वानुमते जेवण मंजूर केलं’ असं आपण म्हणत नाही.

इथवर मी हसत होतो. पुढच्या गोष्टीला हसू येत नाही.

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर काय करावं लागतं माहीत आहे? आडवी बाटली, उभी बाटली. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी द्यायची. मग सह्यांची पडताळणी. मग गुप्त मतदान. आणि दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला पन्नास टक्क्यांहून जास्त मतं हवीत. मतदानाला आलेल्या बायकांच्या पन्नास टक्के नव्हेत, यादीत नाव असलेल्या एकूण बायकांच्या! यादीत दीड हजार बायका असतील तर सातशे एक्कावन्न. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी आल्या, ज्यांची नावं इथून अजून निघालेली नाहीत. मुंबई-पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या आल्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या आल्या, ज्या चैत्राच्या आसपास परततील. गेल्या वर्षी वारलेल्या दोन म्हाताऱ्याही आल्या. या सगळ्या जणी, कोपीत भाकरी थापणारी असो की स्मशानात गेलेली असो, हिशेबात उभ्या बाटलीकडे उभ्या आहेत. सातशे बायका उन्हात रांगा लावतील, नवऱ्याच्या शिव्या खाऊन येतील, आणि आलेल्यांपैकी सगळ्याच्या सगळ्या आडव्या बाटलीवर शिक्का मारतील, तरी दुकान उघडं. एक्कावन्न कमी पडल्या. इथे नाही तहकुबी, इथे नाही अर्धा तास. ‘मतदान साडेपाचला पुन्हा घेण्यात येईल व त्यास बहुमताची आवश्यकता राहणार नाही’ ही ओळ छापायला या नोटिशीच्या तळाशी तेवढी जागा उरलेली नाही.

म्हणजे बघा. गैरहजर माणूस या राज्यातला सगळ्यात कष्टाळू नागरिक आहे. तो रंगकामाला हो म्हणतो, आराखड्याला हो म्हणतो, खाणीला हो म्हणतो आणि दारूच्या दुकानालाही हो म्हणतो. जिथे कुणाला सही हवी असते तिथे त्याला मंजुरीत धरतात, जिथे कुणाला थांबवायचं असतं तिथे त्याला अडसर म्हणून आणतात. एकदाही, चुकूनसुद्धा, तो काकूंच्या बाजूने पडत नाही.

आणि मग चर्चासत्रात व्यासपीठावरून सुस्कारा येतो, लोकांमध्ये उदासीनता आहे हो. अहो, उदासीनता कसली? शेतमजूर बाईला १५ ऑगस्टची सुट्टी नसते. ती रोज बुडवून अकराला शाळेच्या पटांगणात येते, बारापर्यंत बसते, सभा तहकूब झाल्याचं ऐकते आणि हात हलवत घरी जाते. पंचायतीच्या सदस्याला बैठकीचा भत्ता मिळतो. हिला काय मिळतं? पुढच्या खेपेला ती आली नाही, तर ती शहाणी झाली असा त्याचा अर्थ आहे. जी सभा तिच्यावाचून अडत नाही, त्या सभेत तिने येऊन कुणाशी आणि कशाला संवाद करायचा? यावर पीपीटी करता तुम्ही? लोकांना कसं बोलतं करावं, याच्या बारा पायऱ्या दाखवता?

माझी सूचना छोटी आहे, खर्चही नाही. तहकूब सभेची गणपूर्ती दुप्पट करा. पहिल्या खेपेला शंभर जमले नाहीत ना? दुसऱ्या खेपेला दोनशे. नाही जमले तर ठराव नाही, बिल नाही, यादी नाही, रंग नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, सरपंचाला, सेक्रेटरीला माणसांची खरी गरज एकदा पडू द्या, मग बघा माणसं कशी सापडतात. दवंडी आठवेल. सभा जिलबीच्या दिवशी सकाळी न ठेवता बाया रानातून परतल्यावर संध्याकाळी ठेवायचं सुचेल. माइक चालू आहे की नाही ते आदल्या दिवशी बघितलं जाईल. काकूंच्या गळतीला अजेंड्यावर पहिला नंबर मिळेल, कारण काकू चिडून निघून गेल्या तर एक डोकं कमी होईल.

जमत नाहीत हो माणसं, असं मात्र मला सांगू नका. याच गावातून प्रचारसभेला वीस टेम्पो भरून जातात, पाण्याची बाटली आणि पुलावाच्या पाकिटासह. प्रचारसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. तिथे उशीर होतो तो नेत्याला. माणसं दुपारपासून उन्हात बसवून ठेवलेली असतात, मोजून.